भाग्याचा तीळ

वैशाखरे

चंदाताई,

तुझी किडनी बरी हाय गो. दर भाऊबीजेला ओवाळताना तू तेच विचारतेस, आन् माझ्या कपाळावरचा तीळ भाग्याचा म्हणून त्याच्यावरच टिळा लावतेस. यंदा तो तीळ वाढला, तवा नशीब वाढलं म्हणून मी खूश झालो. डॉक्टरांनी काढून तपासला, तर कॅन्सर. माझ्या अंगानं तू दिलेली किडनी टाकू नये म्हणून गोळ्या घेतो ना, त्यांनी रोगाशी लढायची ताकद कमी होते. वर शेतातलं ऊन.

हे कळलं तर तू तुझ्या किडनीलाच दोष देशील. म्हणून पत्र धाडत नाय. टाक्यांचं विचारलंस, तर बांधावर पडलो म्हणेन. टिळा बाजूला लाव, पण किडनीचं मात्र विचार. तेवढं तरी मला खरं बोलता येईल.

तुझी किडनी सांभाळणारा,
धाऊ