नेपाळचं फूल

२ नोव्हें.
मीराकडून, नागपूरहून, परत आले. गेटातून शिरताच भिंतीपाशी उजेड जास्त वाटला. ह्यांनी लावलेला अनंत नाही! मीराच्या जन्माच्या वर्षी लावलेला. वीतभर बुंधा शिल्लक.
सोसायटीचे सेक्रेटरी जोगळेकर: "अहो, मुळांनी भिंतीला तडा गेला होता. कमिटीचा ठराव आहे." तडा शोधला. सापडला नाही. जोगळेकरांची नवी गाडी मात्र बरोबर तिथेच उभी.
ह्याच माणसाने बारा वर्षं रोज पहाटे त्याच अनंताची फुलं देवाला नेली. एकदाही न विचारता.
तळतळाट लागतो म्हणतात. मला तेवढा धीर नाही.

९ नोव्हें.
कॉलेजात तीस वर्षं बॉटनी शिकवली, आता कामाला येईल. ऑनलाइन कंद मागवले. अ‍ॅलियम निआपोलिटॅनम, म्हणजे इटलीतल्या नेपल्सचा. भूमध्य समुद्राकडचा रानलसूण. फुलं पांढरी शुभ्र, वास गोड. देठ किंवा पात चुरडली की मात्र लसूण.
जो.च्या घरात लसूण वर्ज्य. "आमच्या देवघराला चालत नाही," हे जनरल बॉडीतसुद्धा ऐकवून झालंय. तर आता चालेल. सहा कुंड्या, जिन्याच्या तोंडाशी, त्याच्या फिरायला जायच्या वाटेवर.

२१ डिसें.
पात चांगली वाढली. वसुधावहिनी (जो.ची बायको, गरीब गाय) जिन्यात थांबल्या. वाकल्या, एक पात बोटांत धरली. मग गेल्या.

३० जाने.
पहिले तीन गुच्छ उमलले. आज हे असते तर दाखवले असते. मग आठवलं, कशासाठी लावलेत.

१ फेब्रु.
तिन्ही गायब, देठासकट. आज इतका आनंद झाला की दोनदा चहा केला.

४ फेब्रु.
जो. जिन्यात: "काय हो, कुठलं फूल म्हणायचं हे?"
मी खरं तेच सांगितलं, "नेपल्सचं."
"अस्सं, नेपाळचं. म्हणजे पशुपतिनाथाच्या देशातलं."
दुरुस्त केलं नाही. विद्यार्थ्याने लिहिलं असतं तर शून्य दिलं असतं.

८ फेब्रु.
नोटीस बोर्डावर जो.च्या अक्षरात: महाशिवरात्रीला आवारातल्या शंकराला 'खास नेपाळी पुष्पांचा हार'. माझ्या कुंड्यांतली फुलं, मला न विचारता. वर मलाच म्हणतो, "मॅडम, आपण फुलाची शास्त्रीय माहिती द्या. दोनच शब्द."
दोन पुरेत. रान आणि लसूण.
भाषण लिहून काढलं. शेवटच्या ओळीत अनंत आणलाय. सगळ्या सोसायटीदेखत तोंड कुठे लपवतो ते बघायचंय. वाईट आहे, कळतंय. पण बरं वाटतंय.

१३ फेब्रु.
दुपारी वसुधावहिनी आल्या. बसल्या नाहीत.
"मला पहिल्या दिवशीच कळलं. माझ्या माहेरी रोज लसणाची चटणी असायची हो."
आणि लगेच, आवाज खाली आणून:
"हे फुलं वाहतात; लसणाचा वास ठाऊकच नाही, देठ खुडून मला टाकायला देतात. मी ते चिरून भाकरीबरोबर खाते, ओट्यापाशी उभ्यानेच. एकेचाळीस वर्षांनी."
मग म्हणाल्या, "अनंत तोडला तेव्हा मी खिडकीत उभी होते. एक शब्द बोलले नाही. तुम्हाला काय बोलायचं ते बोला. माझा अडवायचा हक्क नाही. पण मग ह्या कुंड्या राहणार नाहीत, तेवढंच."
दारातून परत वळल्या. "थोडी पात आजच देता का?"
अर्ध्या कुंडीची कापून दिली. पदराखाली धरून नेली.
आता ह्या बाईचा राग करू की काय करू.

१५ फेब्रु., महाशिवरात्र
सकाळी सगळी फुलं गेली. जो. स्वतः ओवत बसलाय, सोवळ्यात, गाडीच्या शेजारी सतरंजी टाकून. म्हणजे अनंताच्या जागेवर. माझ्याकडे बघून हसला. सूड सोडवत नाही तो ह्याच्यामुळे.
वहिनींचा निरोप: त्या पुढच्या रांगेत बसणार, माझी खुर्ची धरून ठेवतील.
दुसरं भाषणही लिहिलं. चार ओळी, हिमालय वगैरे, लसणाचं नावही नाही. वाचून स्वतःचीच लाज वाटली.
सहाला माईक. दोन्ही कागद पर्समध्ये टाकलेत. हाताला अजून त्या पातीचा वास आहे, साबणाने जात नाही. पावणेसहा झाले. निघते.