पचवलं त्याने

४ मार्च

उद्या साक्ष! इस्त्रीकाका बोलतील ना?

लॉंड्रीत कपडे पिळायच्या मशीनचं झाकण उघडलं की ड्रम थांबायला हवा. पण तो थांबला की काम तुंबतं – म्हणून झाकणाच्या कळीत लाकडाची पाचर, म्हणजे झाकण उघडं असलं तरी ड्रम फिरतोच. सगळीकडे करतात म्हणे! आमच्याकडे मालक स्वतः तासायचा, फोनवर गप्पा हाणत. धाकटीचा हात गेला त्या सकाळीही त्यानेच ठोकून बसवली. मी पाठमोरी, चादरींच्या घड्या घालत होते. पाहिलं फक्त समोर इस्त्री करणाऱ्या काकांनी. मालक म्हणतो, पोरीने आपल्या मनाने लावली.

धाकटीला म्हटलं, "उद्या बघ त्याची कशी तंतरते!" बहीण माझी उशीत तोंड खुपसून पडली.

५ मार्च

"मला नीट दिसलं नाही, साहेब." – बस, एवढंच! काका माझ्याकडे न बघता निघून गेले. मेल्याने इतकी वर्षं माझ्या डब्यातलं खाल्लं.

१९ मार्च

सुटला. वकील म्हणाले, "पुराव्याअभावी निर्दोष मुक्तता." शेजारणीला एकच शब्द पुरला – "पचवलं गं त्याने!"

२० मार्च

तो शब्द डोक्यातून जात नाही. चोरी पचवली, खून पचवला – म्हणताना लोक चुकचुकतात, पण आवाजात थोडं कौतुकच असतं. जसा काही गडी पैलवान! पकडला गेला तर "अडकला बिचारा". आणि जिचा हात गेला तिला काय म्हणतात? तिला म्हणतात, "विसर आता."

कामावर गेले. न जाऊन सांगते कोणाला! मालकाने विचारलं, "धाकटी कशी आहे?" मी म्हटलं, "बरी आहे." स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटली.

२३ मार्च

चादरी, चादरी, चादरी. काही होणार नाही आता.

२६ मार्च

आज धाकटीची वेणी घालत होते. तोंडाने काकांचा उद्धार चालू होता. ती हळूच म्हणाली, "ताई, त्यांना शिव्या नको देऊस. बोलू नका म्हणून मीच पाया पडले त्यांच्या. मालकाने तुला काढलं असतं. मग आपण दोघी खाणार काय?"

मी वेणी पुरी केली. रिबीन बांधली.