खालच्या बाईंचा निरोप

आई, तू सनीव्हेलला आलीस त्या हिवाळ्यात पाऊस थांबलाच नाही. पत्रांतून मी तुला कॅलिफोर्नियाचं ऊन कळवत आले होते, निळ्या आभाळाचे फोटो पाठवले होते, आणि तू उतरलीस ती थेट डिसेंबरच्या ओल्या गारठ्यात. आवाज न करणारा, बारीक पाऊस, दिवसचे दिवस. "आपल्याकडचा दणकून येतो आणि जातो तरी," तू म्हणालीस. "हा नुसता बसूनच आहे." मी आठला ऑफिसला निघायचे, परतायला सात व्हायचे. तू मोज्यांवर चपला आणि पातळावर माझं जुनं जॅकेट घालून खिडकीशी. रस्त्यावर चालणारं माणूस नाही, कुणाच्या दाराशी बोलणं नाही. "आज काय केलंस?" असं विचारलं की म्हणायचीस, "पार्किंगमधल्या गाड्या पाहिल्या. तो लाल गाडीवाला आज लवकर आला." नागपूरच्या सरकारी दवाखान्यात सर्जिकल वॉर्डाची सिस्टर म्हणून सगळं आयुष्य काढलेली तू. बसून राहणं तुला ठाऊकच नव्हतं, आणि मी तुला सहा महिने बसवून ठेवायला बोलावलं होतं.

मग एका संध्याकाळी ओट्यावर अनोळखी वाडगं दिसलं. त्यात पिवळसर, चीज घालून घोटलेला मऊ भात. "खालच्या बाईंनी दिला," तू म्हणालीस. "इटलीच्या आहेत. कपडे धुवायच्या खोलीत भेटल्या." तुम्ही बोललात तरी कसं, मी विचारलं. तुला इटालियन येत नव्हतं, त्यांचं इंग्रजी तुझ्याइतकंच मोडकं. "त्यांनी वाकून दाखवलं," तू म्हणालीस. "पोरवयात गुडघाभर पाण्यात उभ्या राहून भाताची रोपं लावायच्या. मग मीही वाकून दाखवलं. त्यांना रोवणी येते." आणि भाजी चिरता चिरता तू सांगू लागलीस, की भंडाऱ्याकडच्या दुसऱ्यांच्या भाताच्या बांध्यांत तू आजीबरोबर रोवणीला जायचीस, पायाची बोटं पाण्यानं सडायची, आणि एकदा चिखलातच पाठांतर करताना मालकानं तुला हटकलं होतं. मी दवाखान्याच्या क्वार्टरमध्ये वाढले, तुझ्या पांढऱ्याशुभ्र साडीला धरून. हा चिखल तू मला कधी सांगितलाच नव्हता. इटलीतही असाच ओला हिवाळा असतो, धुकं आणि पाऊस, असं त्या तुला खिडकीकडे हात करून सांगायच्या. त्या तुला सिग्नोरा म्हणायच्या, म्हणजे बाईसाहेब. तू हा शब्द घरात घोळवायचीस, आपल्यालाच हाक मारून बघितल्यासारखा.

जानेवारीत एकदा वादळानं ऑफिसची वीज गेली आणि मी दुपारीच घरी आले. जिन्याखालचं दार उघडं होतं, आतून तुझं हसू ऐकू आलं. आजही ते समोर आहे. खालच्या म्हाताऱ्या बाई सोफ्यावर, पाय स्टुलावर, आणि तू जमिनीवर बसून त्यांच्या घोट्याजवळचं बँडेज सोडते आहेस. शेजारी उकळून गार केलेलं मिठाचं पाणी, कापसाचे बोळे नीट रांगेत. मला पाहून तू खुशीत म्हणालीस, "बघ, आधी वास यायचा. आता कडा लाल झाल्यात. भरतेय जखम." तू आल्यापासून तुझा तसा चेहरा मी पाहिला नव्हता.

मी तुला वर घेऊन आले. "आई, हे इंडिया नाहीये. इथे लायसन्स लागतं. उद्या त्यांना काही झालं, त्यांच्या मुलीनं केस केली तर? माझं ग्रीन कार्ड प्रोसेसमध्ये आहे."

"अगं, पण जखम भरतेय."

"तो प्रश्नच नाही. इथे तू सिस्टर नाहीस."

सिंकपाशी जाऊन कोपरापर्यंत हात धुतलेस, वॉर्डात धुवायचीस तसे, सावकाश. मग "बरं," म्हणालीस.

पुढच्या शनिवारी त्या स्वतःच वर आल्या. कठडा धरत, तो पाय ओढत, ओल्या जिन्यावरून. "सिग्नोरा?" तू स्वयंपाकघराच्या दारातून माझ्याकडे पाहिलंस. नुसतं पाहिलंस. मी त्यांना सांगितलं, आईला बरं नाही. त्या तुझ्याकडे बघत राहिल्या, मान हलवली आणि एकेक पायरी उतरत गेल्या. तू पोळपाटाशी परत गेलीस. फेब्रुवारीत म्हणालीस, "मला आता जाऊ दे." अजून चार महिने राहता आलं असतं. मी फार आग्रह केला नाही.

एप्रिलमध्ये दारावर थाप पडली. खालच्या बाईंची मुलगी होती, आईला कायमची आपल्या घरी न्यायला आलेली. वाटलं, झालं, केस आली. ती आत येऊन बसली. मधल्या काळात जखम पुन्हा चिघळली होती, आईला तीन आठवडे हॉस्पिटलमध्ये ठेवावं लागलं होतं. पण पाय वाचला. "डॉक्टर विचारत होते, आधी ड्रेसिंग कोण करायचं. म्हणाले, जाणता हात आहे, त्या वेळी तेवढं झालं नसतं तर पाय गेला असता." मग म्हणाली, "आई सारखी विचारते, सिग्नोरा यायची का थांबली. तिला वाटतं, तिच्याकडूनच काही चुकलं. तुमच्या आईला एवढं विचाराल? आणि थँक्यू सांगाल?" मी म्हटलं, हो, या रविवारीच फोनवर सांगते.

रविवारी तूच आधी विचारलंस, "खालच्या बाईंचा पाय कसा आहे गं?" मी म्हटलं, "बरा आहे. मुलीकडे गेल्या राहायला." तू म्हणालीस, "चांगलं झालं. एकट्या होत्या." पुढेही दोन-तीनदा विचारलंस आणि मी तेवढंच उत्तर दिलं. नंतर विचारणं सोडलंस. चार वर्षांनी तू गेलीस, तुझ्याच जुन्या वॉर्डात. तुझ्या हाताखाली शिकलेल्या मुली आता सिस्टर झालेल्या, त्या रडत होत्या. मी पोचले तेव्हा सगळं उरकलं होतं.

सनीव्हेलला आलीस तेव्हाच्या तुझ्या वयाची मी आता आहे. हे पत्र कुठे टाकायचं नाही, म्हणून एवढं लिहून ठेवते. त्या बाई तुझी आठवण काढत होत्या, आई. त्यांचं काही चुकलं नव्हतं, तुझंही नाही. आणि तो निरोप मी विसरले नव्हते. दर रविवारी फोन लावताना तो माझ्या ओठांवर असायचा. तो दिला असता, तर तुझं बरोबर होतं हेही म्हणावं लागलं असतं. तेवढं मला जमलं नाही.