प्रोसेसर धुळीने तापत नव्हता

मुहन्नद,

गल्लीला वीज पुरवणारे जनरेटरवाले अबू जासिब रमजानमध्येच म्हणाले होते, "उम्म सुलाफ, रोज दुपारी तुमच्याच घराचा खटका उडतो. लपूनछपून चालवता तरी काय?" मी त्यांनाच हसले, "तुमचा जनरेटर म्हातारा झालाय, माझ्या घराला नावं ठेवू नका."

माझं भाषांतराचं काम बंद असलं तरी कॉम्प्युटरचा प्रोसेसर नव्वद अंशांवर असायचा. मला वाटलं, बसऱ्याची धूळ. तीनदा डबा उघडून पंखा झाडला, प्रोसेसरवरची जुनी पेस्ट पुसून नवी लावली. ती ट्यूब तूच आणलीस, शेजारी उभं राहून टॉर्चही धरलास! आज सकाळी, कॉम्प्युटरमध्ये पडद्याआड काय काय चालू असतं ते मी उघडून पाहिलं. आभासी नाणी मिळवायला प्रोसेसर सतत राबवणारा प्रोग्राम, तुझ्या नावाने, मार्चपासून.

आणि वीज जाऊन घर जनरेटरवर असताना "विकत घेतलेले अँपिअर पुरत नाहीत" म्हणत तू सुलाफच्या खोलीतला कूलर बंद करायला लावायचास. तिचं अंग घामोळ्यांनी भरलं, तरी "उन्हाळाच तसला आहे," म्हणालास. मी ते खरं मानून लेकीला ओल्या फडक्याने पुसत बसले.

काल रात्रीपासून तिला ताप आहे. तिला घेऊन जुबैर शहरात बहिणीकडे जातेय. समजूत काढायला फोन करू नकोस. कॉम्प्युटरची वायर मी काढून ठेवलीय.

तुझ्या आई यायला तयार नाहीत. "मुलगा जेवायला येईल, घर बंद कसं ठेवू?" म्हणतात. मी का जातेय, ते त्यांना सांगितलेलं नाही. त्यांच्या खोलीत नुसता पंखा आहे. आल्याबरोबर आधी त्यांच्याकडे जा, पाणी प्यायल्यात का बघ.