काळ्या बॉलला कव्हर

५ जानेवारी, रविवार. संध्याकाळ.
आजही कॅरमला कोणी आलं नाही. माझे नेहमीचे भिडू, प्रज्ञेश आणि हौशीराम, लोणावळा स्टेशनजवळच्या नव्या पूल पार्लरमध्ये असतात म्हणे. वासंती भाजी आणायला गेली होती, तिला काचेतून दिसले. दिसू देत! माझं काही अडत नाही. एकटाच चारही बाजूंनी खेळलो. जिंकलो.

६ जानेवारी, सोमवार.
बँकेतून येताना पार्लरमध्ये सहज डोकावलो. सहज म्हणजे सहज. पूल म्हणजे कॅरमच की! सोंगट्यांऐवजी बॉल, स्ट्रायकरऐवजी पांढरा बॉल, बोटाऐवजी काठी. पॉकेट चारऐवजी सहा, म्हणजे उलट सोपंच. प्रज्ञेश समजावायला लागला, एकाचे एकरंगी बॉल, दुसऱ्याचे पट्ट्यांचे, आणि काळा आठ नंबर... पुढचं ऐकलंच नाही. कॅरमचा कप घेतलेल्या माणसाला हा शिकवणार? तिथेच आव्हान दिलं. रविवारी मॅच. मी जिंकलो तर दोघांनी मुकाट्याने माझ्याकडे कॅरमला यायचं. हरलो तर मी पार्लरमध्ये येईन, कॅरमचं नाव काढणार नाही. हौशीराम म्हणाला, सायेब, जरा दमानं, आदी शिका तरी. औंढे गावचा माणूस, घाबरट.

८ जानेवारी, बुधवार.
डायनिंग टेबलवर सराव. झाडूचा दांडा, लिंबं, आणि पांढरा बॉल म्हणून अंडं. ते उकडलेलं नाही हे वासंतीने आधी सांगायला हवं होतं.

११ जानेवारी, शनिवार.
पार्लरमध्ये नाइन-बॉल पाहिला. पांढरा आधी सगळ्यात लहान नंबरला लागला पाहिजे, आणि नऊ नंबर टाकेल तो जिंकला. छे! नंबरवारीने बोलवायचं काम मी दिवसभर काउंटरवर करतोच. आपण एट-बॉलच खेळणार. टेबलावर बॉल अडखळतात असं वाटलं. उपाय आहे माझ्याकडे.

१२ जानेवारी, रविवार.
बोरिक पावडर. टेबलावर कापड असतं हे मान्य, पण पार्लरवाल्या निलेशने एवढं किंचाळायला नको होतं. ब्रशने निघाली की! बरीचशी.
मग प्रज्ञेशशी मॅच. पहिलाच एकरंगी टाकला. पाठोपाठ पांढराही गेला, म्हणून कॅरमच्या नियमाप्रमाणे माझा बॉल काढून मधोमध ठेवला. सगळे बघतच राहिले. प्रामाणिकपणाची सवय राहिलेली नाही लोकांना. पुढच्या पाळीत पुन्हा एक टाकला. आणि समोर काळा, अगदी पॉकेटच्या तोंडाशी. क्वीन! असा काही कट मारला की बस्स. मोठ्याने सांगितलं, आता कव्हर घेतो. प्रज्ञेशने हळूच माझ्या हातातली काठी काढून घेतली. काळा सगळ्यात शेवटी टाकायचा म्हणे. आधी गेला की खेळ खलास.
ही हार नव्हे. तांत्रिक मुद्दा आहे. पण आता ते दोघं माझ्याकडे येणार नाहीत. रविवार खायला उठतो मला. असो. मी हरलेलो नाही.

१५ जानेवारी, बुधवार.
वासंतीने विचारलं, पार्लरला जाणार का? साफ नाही म्हटलं. हरलोच नाही तर शब्द कसला पाळायचा?

१९ जानेवारी, रविवार.
प्रज्ञेशचा फोन. दादा, येताय ना, आम्ही थांबलोय. गेलो. निव्वळ शब्दाचा पक्का म्हणून.
फिरायला आलेल्या एक बाई होत्या, पहिल्यांदाच खेळणार होत्या. प्रज्ञेश त्यांना म्हणाला, आमच्या दादांना विचारा. छाती फुगली! एकरंगी, पट्ट्यांचे, पांढरा, सगळं घडाघडा सांगितलं. काळा शेवटी, हेही सांगितलं. बाईंनी विचारलं, आधी गेला तर? म्हटलं, खेळ थांबतो. थांबतो म्हणजे? प्रज्ञेश आणि हौशीराम माझ्याकडेच बघत होते. म्हटलं, म्हणजे हरतो. मी गेल्या रविवारी हरलो तसा.
बाई विचारात पडल्या. मग म्हणाल्या, काका, शिकवायला जरा त्या दुसऱ्या दादांना बोलावता का?
बोलावलं.