गुरुजींच्या घरचा मसाला

आप्पा, गुरुजी गेले. तेच, ज्यांच्या घरचा मसाला मी चुकवला होता आणि ज्यांच्यामुळे तुम्ही मला आयुष्यात एकदाच खडसावून बोलला होता. त्यांची मुलगी काल दुकानात आली होती. ती जे सांगून गेली ते ऐकायला तुम्हीच हवे होता, म्हणून लिहायला बसले आहे. तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली. एवढ्या वर्षांत मी तुमच्या फोटोला रोज विभूती लावली, पण खरं काही सांगितलं नाही. हिंमतच नव्हती.

बाजारातल्या गोलाईमागच्या गल्लीतलं आपलं मसाल्याचं दुकान अजून आहे. डावीकडे बांगड्यांचं दुकान होतं, तिथे आता मोबाईलची कव्हरं टांगलेली असतात. समोर तुम्ही मला सकाळी चुरमुऱ्यांचा सुशीला खायला न्यायचा, तिथे आता वर मुलींचं होस्टेल आणि खाली झेरॉक्स. गावोगावच्या पोरी डॉक्टर व्हायला लातूरला येतात आणि ट्यूशनला जाता जाता आपल्या दुकानासमोर नाकाला ओढणी लावतात, कारण शेजारचं मसाला कांडप तेवढं अजून तसंच धाडधाड चालू आहे. मी त्यांच्याकडे बघते आणि मनात म्हणते, शिंका बाई शिंका, मीही अशीच नाक मुरडत होते.

तुमची सकाळ मला अजून दिसते. अंघोळ झाली की डाव्या तळहातावर इष्टलिंग घेऊन तुम्ही पूजेला बसता, तोवर घरात कोणी तुमच्याशी बोलायचं नाही. मग कपाळावर तीन बोटं विभूती आणि थेट दुकान. चैत्र लागला की बायका यायच्या, पायरीवर टेकायच्या आणि कापडी पिशवी पुढे करून एवढंच म्हणायच्या, “आप्पा, आमचा काढा.” बस्स. ना यादी, ना माप. कुणाच्या घरी दगडफूल जास्त, कुणाच्या घरच्या म्हातारीला जायपत्रीनं डोकं चढतं, कुणाला खोबरं सढळ लागतं, हे सगळं तुमच्या डोक्यात. हात डब्यातून डब्यात जायचा, कागदाच्या पुड्या दोऱ्यानं बांधल्या जायच्या आणि पिशवी भरायची. बायका घरी नेऊन भाजायच्या आणि कांडपावर आणून कुटून घ्यायच्या. कुटणारा कुणीही असो, काळ्या मसाल्याची चव दुकानातच ठरलेली असायची. मी एकदा म्हटलं होतं, वही करा ना. तुम्ही हसला. “वहीत घातलं की डोक्यातून जातंय. आन् वही काय, उंदीर बी खात्यात.”

मी तेव्हा बारावीला होते. दुपारी तुम्ही जेवायला घरी गेला की तासभर मला दुकानात बसावं लागायचं. मांडीवर जीवशास्त्राचं पुस्तक, तोंडावर बारा वाजलेले. त्या दिवशी तुम्ही दोन पिशव्या भरून ठेवल्या होत्या, एक गुरुजींच्या घरची आणि एक बांगडीवाल्या मावशींची. कोणती कोणाची ते सांगूनही गेला होता. गुरुजींची मुलगी आली, मी पुस्तकातून मान वर न काढता पिशवी दिली. मावशींनाही तशीच दिली. दोन दिवसांनी मावशी पिशवी घेऊन दारात उभ्या. “पोरी, हे आमचं न्हाई. ह्यात खोबरं बघ किती हाय! कुनाच्या घरचं दिलीस मला?” मी म्हटलं, मावशी, मसाला तो मसाला. तुम्ही आत धने चाळत होता. उठला, पिशवीत नुसतं डोकावला आणि तशाच धन्याच्या हातांनी गुरुजींच्या घराकडे निघाला.

गुरुजींची बायको त्याच हिवाळ्यात गेली होती. मुलगी माझ्याच वयाची, पहिल्यांदाच मसाला करणारी, तिला काय कळणार? तिनं बिचारीनं भाजला, कुटून आणला आणि त्या दुपारी आमटी केली. गुरुजींनी एक घास घेतला, हात आवरला आणि ताटावरून उठले. तुम्ही पोचला तेव्हा ताट तसंच होतं, असं तुम्ही अव्वाला सांगत होता. मी दाराआडून तुम्हा आईबापांचं बोलणं ऐकत होते. मग मला बोलावलंत. “त्या माउलीचं त्या घरात दुसरं काय उरलं होतं गं? लुगडी वाटून टाकली. भांडी लेकीच्या हाताला बसंनात. एक चव तेवढी होती, ती बी तू दुसऱ्या घरची दिलीस.” मला राग आला. मी म्हटलं, मला नाही करायचं हे, मी काय जन्मभर धनेच जोखत बसू? अव्वा म्हणाली, “बास करा की आता, लेकरू हाय.” दुसऱ्या दिवशी तुम्ही नवी पिशवी भरलीत, पोरीला भाजायला काय आधी काय नंतर ते पायरीवर बसून सांगितलंत आणि कुटून होईपर्यंत कांडपापाशी स्वतः उभे राहिलात. मसाला बाहेर आला तेव्हा चिमूटभर जिभेवर ठेवून डोळे मिटलेत. तुमचं तसं तोंड मी पूजेलाही बघितलं नव्हतं.

त्यानंतर तुम्ही म्हणाला होता, “बस माझ्याजवळ. एकेक घर सांगतो, ध्यानात ठेव.” मी म्हटलं, परीक्षेनंतर. परीक्षेनंतर मेडिकलला नंबर लागला नाही. पुन्हा वर्ष घातलं, तेव्हाही नाही. मग तुम्ही पुन्हा विचारलंत आणि मी उठून गेले, कारण आता ही दुकानाच्याच लायकीची असं तुम्हाला वाटतंय असा माझा समज झाला. तुम्हाला तसं मुळीच वाटत नव्हतं हे आज कळतं. तिसऱ्यांदा तुम्ही विचारलं नाहीत. वैशाखात भर दुपारी गादीवर बसल्या बसल्या गेलात. आपल्या लिंगायतांत बसवूनच माती देतात. शेतात तुम्हाला खाली बसवलं तेव्हा मला वाटलं, आता कोणीतरी येईल आणि म्हणेल, आप्पा, आमचा काढा.

आले, पण माझ्याकडे. दुकान उघडल्यावर पहिल्याच आठवड्यात. मी चलाखी शिकले. “मावशी, मागच्या साली जरा जहाल झाला होता का?” असं विचारायचं आणि त्या काय बोलतात त्यावरून अंदाज बांधायचा. निम्मी घरं मी अशी जमवली, उरलेली तयार मसाल्याच्या पाकिटावर गेली. पण गुरुजींची मुलगी आली तेव्हा तिथे चलाखी करायची लाज वाटली. मला एकाच घराचं माप पाठ होतं, आपल्या. अव्वा भाजायला बसायची तेव्हा पुड्या सोडून द्यायचं काम माझं होतं. तेच माप तिच्या पिशवीत भरलं आणि म्हटलं, “तोच आहे, तुझ्या आईचा.” दर चैत्रात तेच भरलं आणि तेच खोटं बोलले.

काल ती आली. गुरुजींना जाऊन महिना झाला म्हणाली. पायरीवर बसली, पिशवीची घडी मांडीवर. मग म्हणाली, “आता तुला सांगायला हरकत नाही. तुझे आप्पा गेले त्या वर्षी बाबा पहिल्या घासालाच थांबले होते. मला वाटलं, आता उठतात. पण सगळं जेवले. हात धुताना म्हणाले, मसाला बदललाय. पण त्या पोरीला बोलू नकोस, तिचे आप्पा गेलेत.”

मी तराजूचं पारडं धरून उभी. विचारलं, “आणि नंतर?”

“नंतर काय, खात राहिले. शेवटी शेवटी तर म्हणायचे, हाच बरा लागतो.” तिनं पिशवी पुढे केली. “यंदाही तोच दे. आईची चव मला खरंच आठवत नाही आता. आता ही बाबांची.”

आप्पा, ज्या माणसाच्या तोंडचा घास मी एकदा काढला होता, तो माणूस माझ्यासाठी अकरा वर्षं तो मसाला जेवला. मी पुड्या बांधल्या. सांगायचं होतं तिला, ही चव तुझ्या आईची नाही, बाबांचीही नाही, माझ्या अव्वाची आहे. पण तिच्याजवळ एवढंच उरलं होतं. एकदा हिसकावलं ते पुरे झालं.

हे पत्र कुठल्या पेटीत टाकणार? दगडफुलाच्या डब्यात तळाशी ठेवते. पण एक राहिलंच. अव्वाही तुमच्या मागे तीन वर्षांनी गेली. तेव्हापासून एकटीसाठी कोण भाजत बसणार म्हणून आपल्या घरात मी पाकीट फोडते. गिऱ्हाइकांनी बघू नये म्हणून दोन गल्ल्या पलीकडून आणते.