तिसरी घागर

ता. चोपडा,
एप्रिल १९७५

प्रिय पुष्पा,

मारुतीच्या देवळाच्या पायऱ्या, चावडीपुढचा ओटा, पाटलांच्या मळ्यातल्या विहिरीचं मोटेचं थारोळं, बाजाराच्या जागेतली गुरांच्या पाण्याची डोण, गावातली निम्मी जाती आणि त्याहून जास्त पाटे-वरवंटे, शिंदखेड्याला तुझ्या घरात आहे ते जातं, आणि फाट्यावरच्या निंबाखालची स्मारकाची शिळा. एवढं सगळं या दोन हातांचं आहे. कोणाच्या हाताखाली मी शिकलो नाही, हे तुला ठाऊक आहे, तरी लिहितो. तुझं जातं आता पीठ जाडं काढत असेल. दोष जात्याचा नाही. त्याच्या पाळ्यांना छिन्नीची टाकी लागून चार वर्षं झाली. वैशाखात आखाजीचा सण झाला की मी तुला सासरी पोचवायला यायचो तेव्हा छिन्नी-हातोडा पिशवीत घालूनच निघायचो. तू माहेरी येणं सोडलंस, तसं तेही राहिलं.

शिळेबद्दल तुझ्या कानावर काय काय आलं असेल याचा मला अंदाज आहे. ज्याला आपलं नाव वाचता येत नाही, तोही एस.टी.त बसून सांगतो की शिळेवर तीन नावं आहेत. नावं दोन आहेत. पहिलं बेबाकाकूच्या मुलाचं, तोतारामचं, पासष्टच्या लढाईतलं. दुसरं नथ्थूचं, एकाहत्तरच्या डिसेंबरातलं. त्याखाली एका नावाची जागा मोकळी आहे. तुझ्या अभिमनचं नाव तिथे नाही. त्याला तू शाळेसाठी माझ्याकडे ठेवलंस, तो माझ्या घरातूनच पलटणीत भरती झाला, म्हणून गाव त्याला आपला धरतं आणि नाव घाला म्हणतं. पण त्याच लढाईनंतर पलटणीकडून आलेल्या तारेत शब्द होता ‘बेपत्ता’. दुसरा शब्द तिथे नव्हता. जे कागदावर नाही ते मी दगडावर कुठून आणू?

चावडीच्या भिंतीतला जुना दगड तुला आठवत असेल. पहिल्या महायुद्धानंतर इंग्रज सरकारने बसवलेला. या गावातून एकोणीस इसम लढाईवर गेले, त्यांपैकी चौघांनी प्राण दिले, एवढाच मजकूर. शाळेत मी गेलो नाही. त्या दगडावर बोट फिरवून, येणाऱ्या-जाणाऱ्याला हे काय अन् ते काय विचारून अक्षरं शिकलो. काम बरं आहे, ओळी मात्र उजवीकडे उतरल्या आहेत. त्याच्या कडेवर बायांनी विळे घासून घासून सालाचा शेवटचा आकडा पुसून टाकला. ते चौघे कोण, हे मी जाणता झाल्यावर म्हाताऱ्यांना विचारत फिरलो. सगळे ‘बसऱ्याला गेले’ एवढंच म्हणत. एकाचं नाव बन्सी होतं. आडनाव सांगणारं कोणी नव्हतं. एक भिलाटीतला होता, त्याला घोड्यांची आवड होती. तिसऱ्याला रातांधळेपणा होता आणि तो भरतीच्या डॉक्टरला कसा कळला नाही, यावर म्हातारे अजून हसत. चौथ्याबद्दल कोणाला काहीच सांगता आलं नाही. तेव्हा मी ठरवलं होतं की पुढे कधी असा दगड करायची वेळ आली तर आकडा घालायचा नाही. नाव घालायचं. ती वेळ माझ्यावर कशी येईल, हे तेव्हा कोणाला माहीत होतं!

शिळा आली तीही सरळ आली नाही. बहात्तरच्या दुष्काळात अख्खं गाव सडकेच्या कामावर खडी फोडत होतं. एक दिवस गाडीतून आलेल्या दगडांत ही लांब शिळा निघाली. काळीशार, कुठे शीर नाही, भोक नाही. बायांनी ती फोडली नाही, बाजूला सारली. मुकादम ओरडला, हिचं माप कोण भरून देईल, तुझा बाप? तर बेबाकाकू त्याला म्हणाली, माझा बाप मेला, तू भर. पोटात अन्न नाही अशा दिवसांत बायांनी आपापल्या ढिगातली मूठ-मूठ खडी टाकून त्या शिळेचं माप भरून दिलं. मी एरवी कोणाचं फार कौतुक करत नाही, पण हे लिहून ठेवण्यासारखं आहे. नंतर पंचायतीने तिचं स्मारक करायचं ठरवलं आणि बैलगाडीतून ती माझ्या दारात आली. पैसे घेणार नाही, पण काम माझ्या पद्धतीने होईल, असं मी पंचायतीला सांगितलं. आधी गेरूने ओळी आखल्या. तीन आखल्या, कारण गावाने तीन सांगितल्या होत्या. दोन कोरल्या. तिसरीपाशी आलो आणि गेरू पाण्याने पुसून टाकला. लाकडात चूक झाली तर रंधा मारता येतो, मातीत झाली तर पुन्हा मळता येते. दगडात कोरलेलं बुजवता येत नाही. उद्या अभिमन फाट्यावर एस.टी.तून उतरला आणि निंबाखाली विडी ओढायला थांबला, तर त्याने काय वाचायचं?

शिळा उभी राहिल्यावर पहिली आखाजी आली, ती गेल्या वर्षीची. घरोघरी आपापल्या गेलेल्या माणसांच्या नावाने घागरी भरल्या, वर डांगराचं फळ ठेवलं, सांजोऱ्या ठेवल्या. बेबाकाकूने मात्र घरात घागर भरली नाही. ती डोक्यावर घेऊन फाट्यावर आली. तोतारामचं मढं काही घरी आलं नव्हतं, तिकडेच जाळलं. ती म्हणाली, इतकी वर्षं घरात भरते, त्याला सापडत असेल की नाही कोण जाणे. नाव इथे आहे, तर तो इथे येईल. नथ्थूच्या घरचेही मग घागर घेऊन आले. मी थोड्या वेळाने तिथे गेलो, तर शिळेपुढे घागरी तीन. तिसरी लहान, नवी, मोकळ्या जागेच्या बरोबर खाली ठेवलेली. जित्या माणसाची घागर भरणं म्हणजे काय, हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही समजतं. मी ती उचलायला वाकलो. बेबाकाकूने माझं मनगट धरलं. म्हातारीच्या हाताला खडी फोडून घट्टे पडले होते, ते माझ्यासारख्याला टोचले. म्हणाली, “मरेल व्हई ते त्याले पानी भेटी. जित्ता व्हई ते रस्ताना मानूस पी. पानी वाया जात नई, भाऊ.”

मेला असेल तर त्याला, जिता असेल तर वाटसराला. मी घागर होती तिथेच राहू दिली. तेवढ्यात सातपुड्याकडून बाजाराला आलेला एक पावरा आदिवासी, डोक्यावर डिंकाचं गाठोडं, ऊन टाळायला निंबाखाली आला. काकूने त्याला तिसऱ्या घागरीतलं पाणी दिलं. तो ओंजळीने पीत होता आणि पाणी त्याच्या कोपरांवरून खाली मातीत जात होतं. कोणाचं पाणी, असं त्याने विचारलं. शालिग्रामच्या भाच्याचं, काकू म्हणाली. गेलेल्या, असं ती म्हणाली नाही. असलेल्या, असंही नाही. त्याने तोंड पुसलं, गाठोडं उचललं आणि वाटेला लागला. दुसऱ्या दिवशी काकूने बाकीच्या दोन घागरी रीतीप्रमाणे हलवल्या. तिसरी तिथेच राहिली. सबंध वैशाख ती रोज भरत होती. एस.टी.चा कंडक्टरसुद्धा गाडी उभी करून अभिमनचं पाणी पिऊन जायचा, असं आता म्हणतात. मीही रोज जात होतो. पाणी प्यायला नव्हे, शिळेला कोणी शेंदूर-बिंदूर फासत नाही ना, ते बघायला.

आता यंदाचं सांगतो. एक मे रोजी जिल्ह्याचे पाहुणे शिळेचं अनावरण करणार आहेत. जिनिंगवाले मोहनलालशेठ समितीचे अध्यक्ष. खालचा चौथरा त्यांच्या खर्चाने झाला आहे. ते दोनदा घरी आले. माणूस वाईट नाही, चपला बाहेर काढून जमिनीवर बसतात. म्हणाले, शालिग्रामभाऊ, मोकळी जागा फोटोत अधुरी दिसेल, पाहुणे विचारतील, कारागीर पळून गेला का? मी म्हणालो, सांगा की कारागीर इथेच आहे, माणूस यायचा आहे. ते म्हणाले, साडेतीन वर्षं झाली, कैदी परत आले त्यालाही आता दिवस झाले, सरकारसुद्धा मानायला लागेल. मी म्हणालो, शेठ, कापसाचा भाव तुम्ही ठरवा. हे ठरवणारी बाई शिंदखेड्याला आहे. चहा घेऊन गेले. अनावरण दोन नावांचं होईल.

आता हे पत्र कशासाठी, ते. बेबाकाकू माघात गेली. तोतारामची घागर तिची सून भरेल आणि तिच्या शेजारी काकूचीही भरेल. तिसरी घागर माझ्या ओट्यावर पालथी आहे. ती भरणारं माणूस गावात राहिलं नाही. मला भरता येईल, पण मी भरली तर गाव म्हणेल, मामाने मानून घेतलं, आणि दुसऱ्याच दिवशी गेरू घेऊन दारात येईल. तू भरलीस तर कोणी काही म्हणणार नाही. आईने उन्हातल्या माणसाला पाणी दिलं, त्याला कारण लागत नाही. तुला शिळेकडे बघायचं नसेल तर बघू नकोस. घागर रस्त्याच्या बाजूला ठेवू. तू काय मानतेस, हे मी विचारणार नाही. मी काय मानतो, हे तूही विचारू नकोस. आखाजीला ये. निंबाला झोका बांधून ठेवतो, दोर नवा आणला आहे. टाकीची हत्यारं घासून ठेवली आहेत. परत जाताना तुझ्याबरोबर येईन आणि जात्याचं बघेन.

तुझाच भाऊ,
शालिग्राम

ता. क. मोहनलालशेठांनी तिसरं नाव कोरण्याचे मला पैसे देऊ केले होते. तुझ्याकडे कोणी पाचशे सांगितले तर ते चूक आहे. एक हजार एक. मी नाही म्हणालो.